होम पेज की लँडिंग पेज? दोन्ही एकच समजलं की पेज कुणाच्याच कामाचं राहत नाही

बिझनेसची वेबसाईट करायला घेतली की होम पेज आणि लँडिंग पेज हे शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, कधीकधी डिझायनरसुद्धा, आणि मग जे पेज तयार होतं ते ना धड हे ना धड ते. गोंधळाला एक कारणही आहे. गूगल ॲनालिटिक्सच्या (साईटवर कोण आलं, काय बघितलं हे मोजणारं टूल) रिपोर्टमध्ये लँडिंग पेज म्हणजे माणूस साईटवर सगळ्यात आधी जिथे उतरला ते पेज, कुठलंही असो, त्यामुळे तिथे होम पेजसुद्धा लँडिंग पेज म्हणूनच दिसतं. मार्केटिंगवाले मात्र एखाद्या जाहिरातीसाठी किंवा ऑफरसाठी मुद्दाम वेगळ्या बनवलेल्या पेजला लँडिंग पेज म्हणतात. मी इथे त्याच अर्थाने बोलतोय.

दिसायला दोन्ही अगदी सारखी असू शकतात, फरक कळतो तो येणाऱ्या माणसाकडे बघितलं की. जाहिरातीवर क्लिक करून आलेल्याच्या डोक्यात एकच गोष्ट असते, ती ऑफर घ्यायची की नाही. होम पेजवर मात्र सगळेच येतात, कुणी कंपनीचं नाव सर्च करून, कुणी मित्राने सांगितलं म्हणून, जुना ग्राहक लॉगिन शोधत, कुणी तक्रार घेऊन, कुणाला नोकरी हवी असते तर कुणाला फक्त फोन नंबर.

म्हणून लँडिंग पेजवर मेनू काढून टाकला तरी चालतो, बटण एकच ठेवायचं आणि जाहिरातीत जे शब्द होते तेच वर हेडिंगमध्ये दिसले पाहिजेत. जाहिरातीत "फ्री डेमो" आणि क्लिक केल्यावर उघडलं होम पेज, तर तो डेमो शोधत बसणार नाही, बॅक दाबणार, आणि क्लिकचे पैसे तुमचे गेलेले असतात. गूगल ॲड्समध्ये (गूगलवर जाहिराती द्यायची सेवा) जाहिरातीच्या दर्जाला १ ते १० असा क्वालिटी स्कोअर मिळतो, त्याच्या तीन भागांपैकी एक लँडिंग पेजचा अनुभवच आहे.

ही चूक निदान लवकर लक्षात येते, पैसे जाताना दिसतात ना. उलटी चूक मला जास्त खटकते, म्हणजे होम पेजलाच लँडिंग पेज करून टाकणं. मेनू लपवलेला, स्क्रीनभर फोटो, मध्यभागी "आत्ताच सुरू करा" आणि दोन सेकंदांत पॉपअप फॉर्म. नवीन माणसाला कळत नाही की काय सुरू करायचंय, आणि जुन्या ग्राहकाला लॉगिन सापडत नाही, जो आधीच पैसे देतोय त्यालाच आपण दारात अडवतो!

होम पेजवर सगळ्यात जास्त मेहनत पहिल्या ओळीवर घ्या. "तुमच्या प्रगतीचे विश्वासू भागीदार" असलं काही लिहिलं असेल तर त्या ओळीखाली स्पर्धक कंपनीचं नाव घालून बघा, तरी चालत असेल तर ती ओळ काहीच सांगत नाहीये. काय विकता, कुणासाठी, एवढं साध्या भाषेत आलं पाहिजे. मग मेनू, आणि त्यात ग्राहक वापरतात ते शब्द, ऑफिसातल्या डिपार्टमेंटची नावं नकोत. आपोआप सरकणारा स्लायडर शक्यतो टाळाच, वाचायला लागलो की ओळ निघून जाते, ठेवायचाच असेल तर थांबवायचं बटण द्या, पाच सेकंदांच्या वर आपोआप हलणाऱ्या गोष्टींसाठी ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंगांसकट सगळ्यांना साईट वापरता यावी यासाठीच्या नियमांतही (डब्ल्यूसीएजी) ते सांगितलंय.

स्पीडचं गणित दोन्हीकडे सारखंच. मोबाईलवर वरचा मुख्य फोटो किंवा मजकूर २.५ सेकंदांत दिसायला हवा, गूगलने एलसीपीसाठी (स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) चांगली म्हणून तीच मर्यादा धरलीये. फोटो लहान करा, आणि सगळ्यात वरच्या फोटोला लेझी लोडिंग (स्क्रोल करत जवळ गेल्यावरच फोटो लोड होणं) लावू नका, त्याने तो उलट उशिरा येतो.

मोजताना पण दोघांना एकच पट्टी लावू नका. लँडिंग पेजचं सोपं आहे, शंभर आले त्यातल्या किती जणांनी फॉर्म भरला. होम पेजचा बाऊन्स रेट (फारसं काही न करता निघून गेलेल्या भेटींचं प्रमाण) बघून मात्र घाबरू नका, कारण गूगल ॲनालिटिक्स ४ मध्ये भेट १० सेकंदांपेक्षा जास्त टिकली, किंवा दोन पेजं बघितली, किंवा 'की इव्हेंट' (आपण महत्त्वाची म्हणून ठरवलेली कृती) झाला तरच ती एंगेज्ड धरतात, बाकी सगळं बाऊन्स. आता जो आठ सेकंदांत नंबर बघून फोन लावतो त्याचं काम झालेलं असतं पण रिपोर्टमध्ये तो बाऊन्स! त्यामुळे फोन नंबरवरच्या टॅपला की इव्हेंट करून ठेवा.

आणि बजेट एकाच पेजपुरतं असेल तर आधी होम पेज नीट करा. लँडिंग पेजवर आलेल्याला जरा जरी शंका आली तरी तो फॉर्म भरायच्या आधी कंपनीचं नाव सर्च करून होम पेजवरच येतो, हे नक्की कोण लोक आहेत ते बघायला.