निवांत उभं राहण्यामागचा वाद: पोटरी म्हणजे स्प्रिंग का?

माणूस निवांत उभा असतो तेव्हाही तो किंचित डोलत असतो. हे डोलणं सहसा अंशभराच्या आतबाहेरचं असतं. शरीराचा गुरुत्वमध्य घोट्याच्या थोडा पुढे असल्यामुळे आपला तोल सतत पुढे जाऊ पाहतो आणि पोटरीचे स्नायू त्याला मागे ओढून धरतात. ही ओढ कोणाच्या हुकमाने कमीजास्त होते, यावरून गेली पंचवीसेक वर्षं संशोधकांत तट पडलेले आहेत.

तोल पाहण्यासाठी डोळे मिटून उभं करण्याची तपासणी, तोलाची जाणीव देणाऱ्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका, त्यावरचं 1914चं नोबेल हा तोलाच्या अभ्यासातला जुना भाग इथे उगाळत नाही. चालण्याची लय मज्जारज्जूतच तयार होऊ शकते, हेही 1911मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दिसलं होतं. नुसतं उभं राहणं मात्र रिफ्लेक्सचं, म्हणजे आपोआप होणाऱ्या प्रतिक्रियेचं, किरकोळ काम म्हणून बराच काळ दुर्लक्षित राहिलं.

खरा वाद पेटला तो 1998मध्ये. कॅनडातल्या एका गटाने मांडलं की उभं राहताना पोटरीचे स्नायू स्प्रिंगसारखे वागतात. मेंदूने त्यांचा ताण एकदा ठरवून दिला की पुढचं सगळं स्प्रिंगच सांभाळते. पुरावा असा, की तळव्याखालच्या दाबाचा केंद्रबिंदू आणि शरीराचा गुरुत्वमध्य जवळजवळ एकाच वेळी पुढेमागे सरकतात. मज्जासंस्था मधे असती तर संदेशांच्या ये-जा करण्यातला उशीर दिसायला हवा होता. मांडणी सुटसुटीत होती, म्हणून ती झपाट्याने पसरली. पण तिचा पायाच कच्चा होता. उलट्या लंबकासारख्या, म्हणजे खाली टेकवून उभ्या धरलेल्या काठीसारख्या, शरीराचा तोल कोणत्याही पद्धतीने सावरला, तरी संथ डोलण्यात हे दोन बिंदू बरोबरच सरकणार. त्यावरून सावरणारा कोण, हे कळत नाही.

पुढच्याच वर्षी इटलीतून गणिती आक्षेप आला. निर्णायक ठरलं ते 2002मधलं ब्रिटनमधलं मोजमाप. माणूस उभा असतानाच त्याचं पाऊल अंशाच्या साधारण अठराव्या हिश्शाइतकं फिरवायचं आणि स्नायूला प्रतिसाद द्यायला सवड मिळण्याआधीच घोट्याने किती विरोध केला ते मोजायचं. उत्तर आलं, पडू न देण्यासाठी लागणाऱ्या ताठरपणाच्या सरासरी 91 टक्के. नंतर दुसऱ्या एका गटाला, पाऊल जास्त फिरवल्यावर, साधारण 64 टक्केच मिळाले. या दोन आकड्यांवरूनही बरीच खडाजंगी झाली, पण त्यांत खरा विरोध नाही. घोटा अगदी बारीक हालचालीला जास्त ताठर असतो आणि हालचाल वाढली की सैल पडतो. महत्त्वाचं हे, की दोन्ही आकडे शंभरच्या खाली आहेत. नुसत्या स्प्रिंगवर माणूस हळूहळू का होईना, पडणारच.

मग सोनोग्राफीचा प्रोब थेट पोटरीवर लावला गेला. शरीर पुढे झुकलं की पोटरी ताणली जाईल, असं कोणीही म्हणेल. पडद्यावर उलटंच दिसलं. शरीर पुढे जाताना स्नायूचे तंतू आखडत होते आणि मागे येताना लांबत होते. कारण टाचेमागचा टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा पट्टा, बराच लवचिक आहे. झुकल्यावर लांबतो तो टेंडन, स्नायू नव्हे. शरीर सावरायचं तर स्नायूला दर सेकंदाला दोन-तीनदा छोटे हिसके देऊन टेंडन ओढावा लागतो. रबरी दोरीला टांगलेलं वजन हाताने सावरावं, तसा हा प्रकार.

इथून प्रश्न मेंदूकडे वळला. हे हिसके सलग चाललेल्या देखरेखीतून निघतात, की प्रत्येक वेळी नव्याने घेतलेल्या निर्णयातून? सलग देखरेखीची गणितं आजही अनेक जण वापरतात आणि ती बरीच जुळतातही. पण 2011मधल्या एका प्रयोगाचं वजन जास्त आहे. त्यात उभ्या माणसाइतकाच अस्थिर लंबक जॉयस्टिकने सावरायचा होता. जॉयस्टिक सतत धरून ठेवण्यापेक्षा तिला सेकंदाला दोनेक हलक्या टिचक्या मारणं लोकांना सहज जमलं. यंत्राचा प्रतिसाद मधेच बदलला, तेव्हाही टिचक्यांनीच जास्त निभावलं. माणूस तुकड्यातुकड्याने सुधारणा करतो, हा विचार 1940च्या दशकातल्या नेमबाजीवरच्या संशोधनात आधीच आलेला होता. तो तोल सावरण्याला लावायला साठेक वर्षं गेली.

ताठरपणाची कल्पना यातून बाद झालेली नाही. उंच कठड्याजवळ उभं केलं की माणसं घोटा आवळतात. डोलणं आखूड होतं, पण त्याची वारंवारता वाढते. वय झालेल्या अनेकांत नडगी आणि पोटरी दोन्हीकडचे स्नायू साध्या जमिनीवरही एकाच वेळी आवळलेले आढळतात, आणि तरीही त्यांचं डोलणं तरुणांपेक्षा जास्तच असतं.