बिअरमधलं पाणी डोंगरावर कशाला न्यायचं?

डोंगरात मुक्कामी जाणारे काही लोक वजनाच्या बाबतीत इतके काटेकोर असतात, की टूथब्रशचा अर्धा दांडा कापून घरीच ठेवतात. तोच माणूस संध्याकाळच्या शेकोटीसाठी म्हणून सॅकमध्ये बिअरचे चार कॅन कोंबतो, तेव्हा त्याचा सगळा हिशोब कोलमडतो. चार कॅन म्हणजे दोन किलोंहून जास्त. आणि त्या दोन किलोंत बहुतेक काय असतं, तर पाणी. जिथे चाललाय तिथे झरा वाहतोय, आणि हा खालून पाणी वाहून नेतोय!

अर्ध्या लिटरच्या, ५ टक्के अल्कोहोलच्या साध्या बिअरचा ताळेबंद मांडून बघू. अल्कोहोल २५ मिलिलिटर, म्हणजे वजनाने सुमारे २० ग्रॅम. सातूच्या माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांतून, उतरलेली न आंबलेली शर्करा, प्रथिनं, हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा, थोडे क्षार हे सगळं मिळून आणखी साधारण २० ग्रॅम. फसफसणारा कार्बन डायऑक्साइड अडीच ग्रॅम. उरलं ते सुमारे ४६० ग्रॅम पाणी. म्हणजे ज्याला आपण बिअर म्हणतो तो ऐवज चाळीस-बेचाळीस ग्रॅमचा. तेवढाच पुडीत बांधून न्यावा आणि वर पोचल्यावर पाण्यात मिसळावा, ही कल्पना कोणालाही सुचेल. ती अडीचशे वर्षांपूर्वीच सुचली होती.

कॅप्टन जेम्स कुक १७७२ मध्ये दुसऱ्या सागरी मोहिमेवर निघाला, तेव्हा त्याच्या जहाजावर आटवलेल्या रसाचे १९ अर्धे बॅरल होते. त्यातल्या १५ मध्ये हॉप्स घालून आटवलेलं माल्टचं पाणी होतं, आणि ४ मध्ये चक्क आंबवलेली बिअर आटवून ठेवलेली. एक भाग रसाला साधारण दहा भाग पाणी, असं प्रमाण कुकने लिहून ठेवलंय. या रसाने खलाशांचा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, टळेल अशी त्या काळी आशा होती. ती फोल होती, कारण माल्टमध्ये क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. पण त्याआधीच वेगळा घोळ झाला. अटलांटिकवरची उष्णता आणि जहाजाचे हेलकावे यांनी रस बॅरलमध्येच आंबायला लागला, आणि काही केल्या थांबेना. हे आंबणं रोखता आलं तर समुद्रावर याच्यासारखी मोलाची वस्तू नाही, असं कुकने खेदाने नोंदवलं आहे. मध वर्षानुवर्षं टिकतो तो त्यात आंबवणाऱ्या यीस्टला वापरता येईल असं पाणी उरलेलं नसतं म्हणून. कुकचा पाक बहुधा तेवढा दाट झाला नव्हता.

पण आंबण्यापेक्षा मोठी अडचण आटवण्यातच आहे. दूध आटवताना फक्त पाणी उडतं आणि बासुंदी मागे राहते. बिअर चुलीवर ठेवली तर आधी निघून जातं ते अल्कोहोल, कारण ते ७८ अंशांनाच उकळतं. त्याच्याबरोबर केळ्यासारखा, फुलांसारखा वास देणारी एस्टर नावाची संयुगंही जातात. भांड्यात राहतो तो एक कडू-गोड काढा. कुकच्या आटवलेल्या बिअरचंही असंच काहीतरी झालं असणार.

उष्णता नको तर थंडी वापरू. पाणी शून्याला गोठतं, अल्कोहोल गोठायला उणे ११४ अंश लागतात. बिअर गोठवली की आधी पाण्याचा बर्फ होतो. तो काढून टाकला की खाली जास्त कडक बिअर उरते. जर्मनीतली ‘आइसबॉक’ बिअर याच रीतीने होते. २००९ मध्ये ब्रूडॉग या स्कॉटिश कंपनीने आइस्क्रीमच्या कारखान्यातल्या शीतगृहात बिअर ठेवून ३२ टक्क्यांपर्यंत मजल मारली होती. पण हा रस्ता पुढे चढणीचा होत जातो. अल्कोहोल जसं वाढतं तसा उरलेल्या पाण्याचा गोठणबिंदू खाली सरकतो. घरच्या फ्रीजरच्या उणे १८ अंशांत गाडी साधारण तिशीच्या आसपास अडते. चाळीस टक्क्यांचं द्रावण गोठायला लागायलाच उणे २७ अंश लागतात. शिवाय प्रत्येक वेळी बर्फाच्या स्फटिकांत थोडी चांगली बिअर अडकून वाया जाते ती वेगळीच.

तिसरा उपाय घराघरात माहीत असलेल्या आरओचा. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाब देऊन पाणी बाहेर काढायचं. शर्करेचे आणि प्रथिनांचे मोठे रेणू पडद्याआड सहज अडतात. अल्कोहोलचा रेणू मात्र बारीक, त्याचं रेणुभार ४६ आणि पाण्याचं १८. त्यामुळे पाण्याचा हात धरून तोही पळतो. या गळतीचा उलटा फायदा घेऊन बिनअल्कोहोलची बिअर करतात, पण आपल्याला हवं त्याच्या ते बरोबर विरुद्ध. दाबाचाही प्रश्न आहेच. साध्या बिअरमधल्या अल्कोहोलमुळेच पडद्यावर समुद्रसपाटीच्या हवेच्या वीसेक पट, म्हणजे वीसेक वातावरणांचा, परासरण दाब (पाणी परत आत खेचणारा दाब) येतो, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या जवळ जाणारा. द्रावण दहापट कडक करायला निघालो तर तो काही शे वातावरणांवर जाईल.

इथे एक साधा हिशोब करायला हवा. अर्धा लिटर बिअरमधलं २५ मिलिलिटर अल्कोहोल कुठल्याही युक्तीने आकसत नाही. ५० मिलिलिटरच्या पाकिटात ते बसवायचं तर पाकिटातला द्रव ५० टक्के अल्कोहोलचा होतो, व्हिस्कीहून कडक. पूड केली तरी सुटका नाही. सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या कड्यासारख्या शर्करेत अल्कोहोलचे रेणू अडकवून कोरडी भुकटी करता येते, पण मग वर त्या शर्करेचंही वजन वाहायचं. २०२३ मध्ये पूर्व जर्मनीतल्या नॉयत्सेल इथल्या ब्रुअरीने बिअरची पूड जाहीर केली, तीही सुरुवातीला बिनअल्कोहोलचीच होती. तिचा रोख जगभर पाणी वाहून नेण्याचा खर्च वाचवण्यावर होता.

यीस्ट स्वतः पन्नास टक्क्यांपर्यंत पोचू शकत नाही. पंधरा टक्क्यांच्या आसपास बहुतेक जाती आपणच तयार केलेल्या अल्कोहोलमध्ये दम तोडतात. अलास्कातल्या पॅट्स बॅककंट्री बेव्हरेजेस या कंपनीने गिर्यारोहकांसाठी ५० मिलिलिटरची बिअरची पाकिटं काढली, तेव्हा त्यांनी पाणी काढण्याऐवजी पाणी घालायचंच टाळलं. मला ही युक्ती सगळ्यात आवडते. पहिली खेप नेहमीसारखी आंबवायची. निर्वात पात्रात, म्हणजे कमी दाबाखाली, अल्कोहोल कमी तापमानातच काढून बाजूला ठेवायचं. मागे उरलेला रस पुढच्या खेपेला पाण्याऐवजी वापरायचा. त्यात नवं माल्ट, नवे हॉप्स, पुन्हा आंबवणं, पुन्हा अल्कोहोल काढणं. दर फेरीला रस दाट होतो, आणि अल्कोहोल सतत काढत राहिल्यामुळे यीस्टही मरत नाही. शेवटी दाट रस आणि साठवलेलं अल्कोहोल एकत्र. आपल्याकडे जुन्या पिठाचं विरजण पुढच्या पिठाला लावतात त्याची आठवण व्हावी अशी ही साखळी आहे, फक्त इथे विरजण नव्हे, अख्खं पाणीच मागच्या खेपेचं.

आता झऱ्याच्या पाण्यात पाकीट ओतलं, तर जे मिळेल त्याला बिअरचा रंग आणि चव असेल, पण ते उघड्यावर रात्रभर राहिलेल्या ग्लासासारखं मिळमिळीत असेल. वायू हवा. अडीच ग्रॅम कार्बन डायऑक्साइडसाठी पोलादी सिलिंडर नेण्यात अर्थ नाही. सोपा मार्ग लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा. रसायनशास्त्राच्या हिशोबाने अडीच ग्रॅम वायूला सुमारे ३.६ ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि ४.८ ग्रॅम सोडा पुरतो. दोन्ही मिळून साडेआठ ग्रॅमही होत नाहीत. पण ही पूड थेट बिअरमध्ये टाकली तर मागे राहिलेला सोडियम सायट्रेट बिअरला खारट इनोची कळा आणतो. म्हणून या कामाच्या बाटलीत पुडीसाठी वेगळा कप्पा असतो. फसफस तिथे होते, वायू तेवढा बिअरमध्ये येतो, आणि खारट पाणी वेगळं राहतं.

बाटली हलवायची, म्हणजे वायू आणि पाण्याचा संपर्क वाढतो. पण खरी किल्ली तापमानात आहे. एक वातावरण दाबाला शून्य अंशाच्या लिटरभर पाण्यात ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २० अंशांच्या पाण्यात त्याच्या निम्मा. बिअरला लागतो लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम. म्हणजे कोमट पाण्यात बाटलीला तीन वातावरणांचा दाब सोसावा लागेल, बर्फाळ झऱ्याच्या पाण्यात पावणेदोनच्या आसपास भागेल. तेव्हा आधी बाटली झऱ्यात बुडवून गार करावी, मग पूड टाकावी. घाई केली की वायू पाण्यात न शिरता झाकणाखाली जमतो आणि उघडताक्षणी फेसासकट मनगटावर येतो. ४००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो, त्यामुळे हा तमाशा तिथे आणखी रंगतो.

झऱ्याचं पाणी मात्र आधी शुद्ध करायलाच हवं. बिअरमध्ये अल्कोहोल असतंच, जंतू मरतील, हा भ्रम आहे. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये ते साठ टक्क्यांच्या वर लागतं, पाच टक्क्यांत जंतूंचं काही बिघडत नाही. जुन्या काळी बिअर पाण्यापेक्षा सुरक्षित मानली जाई, ती करताना माल्टचं पाणी उकळलेलं असे म्हणून. शुद्धीकरणासाठी क्लोरीनच्या गोळ्या वापरल्या तर माल्ट आणि हॉप्समधल्या फिनॉलवर्गी पदार्थांशी क्लोरीन जुळतं आणि बिअरला दवाखान्याचा वास येतो. उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं पाणी बरं. आणि पाकीट चुलीपासून लांब ठेवावं. पन्नास टक्के अल्कोहोलची वाफ खोलीच्या तापमानाच्या आसपासच पेट घेऊ शकते. ते नुसतं पिणं म्हणजे अख्खी बिअर दोन घोटांत पिणं. वर थंडीत अल्कोहोल त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतं, ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावत असतं. उंचीवर झोपेत आधीच उथळ झालेला श्वास ते आणखी मंदावतं.

शेवटी वजनाचा हिशोब. पाकीट आणि पूड मिळून साठेक ग्रॅम, म्हणजे दर अर्ध्या लिटरमागे साडेचारशे ग्रॅम वाचले. वायूची खास बाटली एकदाच न्यायची, तिचं वजन एका बिअरसाठी अंगावर येतं, चारांसाठी नाही. पण कोणी खवट माणूस शेकोटीपाशी विचारेल, की इतका खटाटोप कशाला? माल्टचं पाणी आंबवून ऊर्ध्वपातन केलं की व्हिस्की होते. म्हणजे हॉप्स न घातलेल्या बिअरचं कॉन्सन्ट्रेट माणूस कित्येक शतकं बाटलीत भरतोच आहे. २५ मिलिलिटर अल्कोहोल हवं तर ४० टक्क्यांची व्हिस्की ६२ मिलिलिटर पुरते, आणि तिचंही वजन भरतं साठ ग्रॅमच. त्याचं बरोबर आहे. फक्त व्हिस्कीत ते दुसरे वीस ग्रॅम नसतात, माल्टची शर्करा, हॉप्सचा कडवटपणा आणि ज्यांच्या जोरावर फेस ग्लासाच्या काठाशी टिकून राहतो ती सातूची प्रथिनं.