सातवा लागला की सात भरले?

वहिनीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट १५ जुलैला घरी आला आणि हॉलमध्ये लगेच हिशेब सुरू झाले. रिपोर्टवर लिहिलं होतं, '२६ आठवडे ४ दिवस'. दादाने मोबाइलवर चारने भागलं आणि म्हणाला, "साडेसहाच्या वर गेलं की!" वहिनी म्हणाली, "छे, सहाच झालेत." आईने तोवर काकूंना फोनवर सांगूनही टाकलं, "सातवा लागलाय." आजीने कालनिर्णय मागितलं. डोहाळजेवणाचा दिवस बघायला.

चौघांत चुकला फक्त दादा. वहिनीची शेवटची पाळी १० जानेवारीला आली होती. १० जुलैला सहा महिने भरले आणि त्याच दिवशी सातवा लागला. म्हणजे वहिनी आणि आई एकच गोष्ट दोन तोंडांनी सांगत होत्या. दादाचा घोटाळा भागाकाराचा. चार आठवडे म्हणजे २८ दिवस, आणि महिना फेब्रुवारी सोडला तर ३० नाहीतर ३१ दिवसांचा. दर महिन्याला दोन-तीन दिवस असे हातातून सुटतात. 'चाळीस आठवडे म्हणजे दहा महिने, मग नऊच का म्हणतात' या नेहमीच्या कोड्याचं उत्तर हेच. चाळीस आठवड्यांचे दिवस होतात २८०, आणि कॅलेंडरचे नऊ महिने साधारण २७३ दिवसांतच भरतात. वर उरतो एक आठवडा. नेगेले या जर्मन डॉक्टरच्या नावाने चालणारा नियमही तेच सांगतो: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवा. वहिनीची तारीख त्यामुळे १७ ऑक्टोबर. आपल्याकडचे 'नऊ महिने नऊ दिवस' त्याच्या किती जवळ आहेत बघा.

आता लागणं आणि भरणं. घरात आपण चालू महिना सांगतो. डॉक्टर पूर्ण झालेले आठवडे लिहितात. '२६ आठवडे ४ दिवस' म्हणजे २६ भरले, सत्ताविसावा चालू. वहिनीचं ॲप म्हणूनच 'आठवडा २७' दाखवत होतं आणि ती घाबरून दोनदा रिपोर्ट बघत होती. दोन्ही बरोबरच होते.

हा फरक बोलण्यापुरता असता तर मी लिहायला बसले नसते. बाळाच्या अवयवांची जी सोनोग्राफी असते, तिला सगळे 'पाचव्या महिन्याची' म्हणतात. ती साधारण १८ ते २० आठवड्यांत करतात. वहिनीचे १८ आठवडे १६ मे रोजी भरले, म्हणजे पाचवा लागून जेमतेम सहा दिवस झाले होते. 'पाच भरले की जाऊ' असं धरून ती १० जूनला गेली असती, तर साडेएकवीस आठवडे उलटलेले असते. त्या तपासणीत काही गंभीर निघालं तर हे आठवडे फार मोलाचे असतात, कारण आपला गर्भपाताचा कायदाही आठवड्यांतच बोलतो. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ पर्यंत ठरावीक परिस्थितीत दोघांचं लागतं, आणि त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं.

दुसरं टोक नवव्या महिन्याचं. 'नववा लागला, आता कधीही झालं तरी चालेल' हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलंय. वहिनीचा नववा १० सप्टेंबरला लागला, तेव्हा ३४ आठवडे आणि ५ दिवस झाले होते. ३७ भरायच्या आत जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचंच. नऊ भरले की मात्र ३९ आठवडे होतात, म्हणजे पूर्ण दिवस. एका 'लागला'ने महिनाभराचा फरक पडतो तो असा. आणि 'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' हे तर साफ खोटं आहे. दिवस भरेपर्यंत पोटात काढलेला प्रत्येक आठवडा सहसा बाळाच्या फायद्याचाच असतो.

तिमाहीचं फार मनावर घेऊ नका. पहिली १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, दुसरी २७ आठवडे ६ दिवसांपर्यंत, पुढे तिसरी. तीन-तीन महिन्यांचे समान तुकडे तिथे बसत नाहीत. सहा महिने भरले तरी तिसरी तिमाही लागायला आणखी दोनेक आठवडे लागतात.

एक गोष्ट मात्र लग्नाच्या वयाच्या प्रत्येकाला माहीत हवी. आठवडे मोजायला सुरुवात होते शेवटच्या पाळीपासून, गर्भ राहिल्यापासून नव्हे. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. नवरा आखातातून किंवा बोटीवरून येऊन चारच आठवडे झालेत आणि रिपोर्टवर 'सहा आठवडे' आलेत, म्हणून बायकोकडे संशयाने बघणारी माणसं आहेत. ते वरचे दोन आठवडे पोट रिकामं असतानाचे आहेत, एवढंच. पाळी अनियमित असेल तर पाळीची तारीखही दगा देते. अशा वेळी पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची लांबी मोजून काढलेली तारीख धरतात. नंतरच्या सोनोग्राफीत आकडा आठवडाभर पुढेमागे दिसला म्हणून ती तारीख बदलत नाहीत. तोवर प्रत्येक बाळ आपापल्या चालीने वाढायला लागलेलं असतं.

वहिनी १३ ऑक्टोबरला बाळंत झाली. फाइलवर ३९ आठवडे ३ दिवस, घरच्या हिशेबाने नऊ महिने तीन दिवस. आजीने बोटांवर मोजून पाहिलं आणि म्हणाली, "सहा दिवस राहिलेच की गं!"