सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे जमीन त्याचीच? नाही हो!
हे किती वर्षं ऐकतोय, की जमीन विकत घेताना सातबारा क्लिअर आहे, मग वकील कशाला. अहो, सातबारा हा महसुली रेकॉर्ड आहे, मुख्यतः शेतसाऱ्यासाठी ठेवलेला, नुसत्या फेरफाराने (म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीने) मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने अनेकदा सांगितलंय. मालकी ठरते खरेदीखत, वारसा, वाटणीपत्र यावरून.

वकील काय करतो तर दुय्यम निबंधकाकडे साधारण 30 वर्षांचा सर्च घेतो (म्हणजे त्या जमिनीचे जुने नोंदणीकृत व्यवहार शोधतो), जुने फेरफार वाचतो, पेपरात जाहीर नोटीस देतो. फेरफारात बहिणीचं नाव राहिलंय का हे तर बघायलाच हवं, कारण हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि ती उद्या दावा लावू शकते. टोकन देण्याआधीच वकिलाकडे जा, प्लीज.