अल्पकार्बन ओतकाम (बेळगाव सीमाभाग)

लोखंड ओतताना टनामागे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी करण्याच्या पद्धतींना, तसेच त्यांतून लहान कंपन्यांना मिळणाऱ्या कामधंद्याला, हे नाव देता येते. बेळगाव (अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी) येथे हा विषय मुख्यतः उद्यमबाग, मच्छे व होनगा या भागांतील फौंड्रींशी (ओतशाळांशी) निगडित आहे.

येथील ओतकामाचा उगम लक्ष्मणराव किर्लोस्करांपर्यंत नेण्याची प्रथा आहे. त्यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे तेथेच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनवले. परंतु नगरपालिकेमुळे जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीस, गेला. हे स्थलांतर पाहता आजच्या फौंड्रींचा धागा थेट त्या कारखान्याशी जोडण्यापेक्षा, स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत पंप व यंत्रभागांच्या मागणीवर त्या वाढल्या असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

फौंड्रीत सर्वाधिक ऊर्जा वितळणीस लागते. क्युपोला या उभ्या भट्टीत कोक (दगडी कोळशापासून केलेले इंधन), लोखंड व चुनखडी थराथरांनी भरून खालून वारा देतात. एका भाग कोकला आठ भाग लोखंड वितळते आणि कोकमध्ये ८५ टक्के कार्बन आहे असे धरल्यास, टनामागे १२५ किलो कोक जळून सुमारे ३९० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. विजेच्या चुंबकीय प्रभावाने धातू तापवणाऱ्या इंडक्शन भट्टीस टनामागे साधारण ६०० युनिट वीज लागते. ग्रिडच्या (सार्वजनिक जाळ्यातील) विजेमागे युनिटला ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर हा आकडा ४२० किलोवर जातो. कोक सोडून वीज घेतली की कार्बन घटलाच, हे सरसकट विधान त्यामुळे टिकत नाही. धूर कमी होतो आणि धातूचे रासायनिक प्रमाण हाती राहते, हे लाभ खरेच आहेत. पण कार्बनचा हिशेब वीज कोठून येते यावर ठरतो, म्हणून छतावरील सौरपटले किंवा सौंदत्ती भागातल्यासारख्या पवनचक्क्यांची करारावर घेतलेली वीज भट्टीच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहे. क्युपोलाच ठेवायची असल्यास दोन ओळींतून वारा देणारी विभागित-वात रचना कोकमध्ये सुमारे पाव हिश्श्याची बचत करू शकते.

केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो व संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था युनिडो यांच्या, जागतिक पर्यावरण सुविधा या निधीच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पात ओतकामासाठी बेळगाव, कोइंबतूर व इंदूर हे समूह निवडले गेले होते. प्रत्यक्ष बचत मात्र पुष्कळदा किरकोळ गोष्टींत सापडते. वाळू चिकटलेले रनर-रायझर (साच्यात धातू नेणाऱ्या व पुरवणाऱ्या वाटांत गोठलेले, नंतर तोडून पुन्हा वितळवायचे तुकडे) न झाडता भट्टीत टाकले, तर ती वाळू वितळून स्लॅग (मळी) होण्यातच वीज खर्च होते. जेवणाच्या सुट्टीत सारी यंत्रे थांबलेली असताना कॉम्प्रेसर (हवा दाबून पुरवणारे यंत्र) पुन्हापुन्हा भार घेत असेल, तर हवेची नळी कोठेतरी गळते आहे असे समजावे. गळती शोधणे, भट्टीची झाकणे बनवणे, सौरपटले बसवून राखणे ही कामे थोड्या भांडवलात होतात. वापरलेली वाळू पुन्हा कामाजोगी करून देण्यास मात्र मोठी यंत्रणा लागते.

ओतकामाबाहेर पाहता, जिल्ह्यातील गुऱ्हाळांत चुलवणात मुख्यतः वाळलेल्या चोयट्या (रस काढलेल्या उसाची चिपाडे) जळत असल्याने तेथे इंधन बदलण्यापेक्षा धुराड्यावाटे जाणारी उष्णता अडवण्यास वाव आहे. उष्णता अडवण्याचा हा मुद्दा खानापूरकडील कौलांच्या व विटांच्या भट्ट्यांनाही लागू पडतो.