काळा लावू की सिल्व्हर?

"मालक, काळा नका लावू, सोलापूरचं ऊन बघताय ना, इंजिन भाजून निघंल." विजापूर वेशीकडचे आमचे मिस्त्री मामा असं म्हणाले, आणि बाजूला चहा पीत उभा असलेला माझा दोस्त लगेच सुरू झाला, "काय बे, काळा रंग तर गर्मी बाहेर फेकतो, रेसिंगच्या गाड्यांची इंजिनं बघ की." अर्धा तास हेच चाललं. दोघंही अर्धे अर्धे बरोबर होते हे मला नंतर कळलं, पण तेव्हा माझी अडचण कुठला रंग ही नव्हतीच, रंग इंजिनवर टिकवायचा कसा ही होती, आणि त्यापायी मला दोनदा इंजिन खरवडावं लागलं.

गाडी वडिलांची, १९९४ ची बुलेट ३५०, जुनं कास्टचं इंजिन. म्हणजे मधला पात्यापात्यांचा ब्लॉक बीडाचा, ओतीव लोखंडाचा, आणि त्याच्यावरचं हेड, खालचे चेंबर (क्रँक फिरतो ती पेटी), सगळी कव्हरं ॲल्युमिनियमची. एवढं लक्षात ठेवा, पुढचा निम्मा घोळ ह्या दोन धातूंमुळे झालाय. मागचं मडगार्ड कापायचं, सीट बारकी करायची, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येच जमेल तशी गाडी बनवायची असा बेत होता, आणि असं सगळं उघडं केलं की नजर इंजिनवरच जाते, तेच तेलकट आणि गंजकं असलं तर बाकी काहीही करा उपयोग नाही.

पहिल्यांदा काय केलं, तर घराच्या गेटला आणलेला सिल्व्हर ऑइल पेंट उरला होता तोच ब्रशनं मारला. दोन दिवस गाडी शोरूममधून आणल्यासारखी. मग तुळजापूरला गेलो, घाट चढून वर पोचेपर्यंत जळका वास यायला लागला, आणि खाली उतरून बघतो तर धुराचा बेंड पाइप जिथं हेडला लागतो तिथला रंग भाजलेल्या पापडासारखा फुगलेला, नख लावलं की पोपडा हातात.

ह्याच्यात रंगाची चूक नाही. ऑइल पेंटला जो धरून ठेवतो तो भाग म्हणजे कार्बनच्या लांब लांब साखळ्या, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनचं हेड चालताना १५० ते २०० अंशांपर्यंत सहज जातं, एक्झॉस्टच्या तोंडाशी त्याच्याही वर. एवढ्या तापमानाला हवेतला ऑक्सिजन त्या साखळ्या कुरतडायला लागतो, आधी पिवळं, मग तपकिरी, मग कडक होऊन भुगा. हीटप्रूफ पेंट म्हणून जो मिळतो त्याच्यात बहुतेक वेळा सिलिकॉन रेझिन असतं, त्याचा कणा कार्बनचा नाही तर सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाआड एक असा, म्हणजे वाळूत आणि काचेत जो बंध असतो तोच. हा बंध तोडायला कार्बन-कार्बनच्या बंधापेक्षा साधारण ३० टक्के जास्त ऊर्जा लागते. त्यातून सिलिकॉन आधीच ऑक्सिजनला बांधलेला आहे, म्हणजे एका अर्थानं तो आधीच जळालेला आहे, वाळूला अजून काय जाळणार? तोच रंग अजून तापवला, समजा सायलेन्सरच्या पाइपवर, तर रेझिनमधला उरलासुरला कार्बन उडून जातो आणि मागं सिलिका राहते, तरी रंग जागेवरच असतो.

बरं, आता तो गेटचा रंग काढायचा होता. इथं मी जी अक्कल पाजळली ती मुद्दाम सांगतो. घरात कॉस्टिक सोडा होता, मोरीचा पाइप तुंबला की टाकतात तो. बादलीत गरम पाण्यात तो घातला, एका घमेल्यात ब्लॉक आणि दुसऱ्यात हेडवरची दोन कव्हरं. ब्लॉकचा रंग अर्ध्या तासात साबणासारखा सुटला, एकदम खुश. दुसऱ्या घमेल्यात बघतो तर इनोची पुडी टाकल्यासारखं फसफसतंय, घमेलं हात लावू देईना इतकं गरम, आणि कव्हरं बाहेर काढली तर काळी ठिक्कर, वरून खडबडीत, कंपनीचं उठावाचं नाव जिथं होतं तिथल्या कडा गोल झालेल्या. कॉस्टिक लोखंडाला काही करत नाही पण ॲल्युमिनियमला खातो. धातू विरघळतो आणि त्या बुडबुड्यांतून जो बाहेर पडतो तो हायड्रोजन, म्हणजे शेजारी कुणी बिडी ओढत बसला असता तर वेगळीच बातमी झाली असती. तो काळा थर म्हणजे ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्ये मिसळलेलं सिलिकॉन आणि तांबं, ते विरघळत नाही, मागं काजळीसारखं राहतं. ती कव्हरं शेवटी दुसरी घ्यावी लागली. ॲल्युमिनियमला रॉकेल नाहीतर डिझेल, दात घासायचा जुना ब्रश, मग भांड्याचा साबण आणि भरपूर पाणी, बास. आता आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि मी पिंप भरून इंजिन धुतोय हे बघून आई काय बोलली ते इथं लिहिता येत नाही.

दोन धातूंचा दुसरा घोळ गंजाचा. बीडाचा ब्लॉक धुऊन रात्रभर ठेवला की सकाळी त्यावर पिवळसर गंज चढलेला असतो, आणि लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगतो, भेगाळतो, पापुद्रा सुटला की खालचं नवं लोखंड उघडं पडतं, त्यामुळे गंजावर रंग मारला तर तो रंग धातूवर नाही, पापुद्र्यावर बसलेला असतो. ॲल्युमिनियमही गंजतो, किंबहुना लोखंडापेक्षा लवकर, घासलं की लगेचच. पण त्याचा ऑक्साइड घट्ट बसतो, जाडी काही नॅनोमीटर, आणि एकदा बसला की खालच्या धातूला हवा लागू देत नाही. म्हणून जर्मनची पातेली वर्षानुवर्षं टिकतात. फक्त हाच थर इतका गुळगुळीत आणि निवांत असतो की रंगाला धरायला काही मिळत नाही, रंग नुसता वर ठेवल्यासारखा राहतो आणि दगड लागला की टवका उडतो.

आमच्या सोलापुरात सूत रंगवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. काही रंग सुताला स्वतःहून धरत नाहीत, आधी तुरटीसारखं काहीतरी लावावं लागतं जे एका हातानं सूत धरतं आणि दुसऱ्या हातानं रंग. एच प्रायमर नावाचा जो प्रायमर ॲल्युमिनियमसाठी मिळतो तो हेच काम करतो, त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड तो ऑक्साइड किंचित खातं, पृष्ठभाग बारीक खरखरीत करतं आणि तिथंच फॉस्फेटचा थर तयार होतो. त्याच्याआधी २२० किंवा ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून घेतलं की अजून बरं. फक्त एक बघा, सगळेच प्रायमर २०० अंश सोसत नाहीत, हेडला लावायचा तर डब्यावर तापमान लिहिलेलं असतं ते वाचा, नाहीतर वरचा रंग टिकायचा आणि खालचा प्रायमर जळायचा.

आणि हे सगळं हलतंही. १० सेंटीमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा १०० अंशांनी तापवला की ०.२३ मिलिमीटर वाढतो, बीड त्याच्या निम्मंच. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी सुरू केली की रंगाखालची जमीन ताणली जाते आणि बंद केली की आकसते. म्हणून जाड थर नको, जाड थर तडकतो. जिथं दोन भाग एकमेकांवर बसतात, गॅस्केटच्या, म्हणजे मधल्या पातळ पॅकिंगच्या जागा, तिथं तर रंग अजिबात नको, मास्किंग टेप लावून झाकायच्या. जुन्या इंजिनच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं खरवडू नका, ओलं करून काढा.

आता मामांचा आणि दोस्ताचा वाद. एमआयडीसीत कामाला असलेल्या एका मित्राकडून लांबून तापमान मोजायची बंदूक आणली होती. गाडी पंधरा मिनिटं फिरवली आणि बंदूक टायमिंगच्या चकचकीत पॉलिश केलेल्या कव्हरवर धरली, तिनं दाखवलं ४६ अंश. म्हटलं बरंच थंड आहे, बोट लावलं आणि चटका बसला. बंदूक बिघडली असं वाटून ठेवून देणार होतो, तेवढ्यात त्याच कव्हरवर एक बोटभर मास्किंग टेपचा तुकडा राहिलेला दिसला, त्याच्यावर धरली तर ८१. तोच धातू, तीच जागा, मध्ये फक्त कागदाची पट्टी.

बंदूक बिघडलेली नव्हती. गरम वस्तू डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकत असते आणि बंदूक तोच मोजते. चकचकीत धातू हा प्रकाश टाकण्यात भलता कंजूष असतो, त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढा टाकता येतो त्याच्या जेमतेम ५ ते १० टक्के. कागद, लाकूड, माणसाची कातडी, हे सगळे ९० टक्क्यांच्या आसपास. आणि रंग? इथंच गंमत आहे. १८०४ साली जॉन लेस्ली नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानं धातूचा एक चौकोनी डबा घेतला, प्रत्येक बाजू वेगळी, एक पॉलिश केलेली, एक काळी, एक पांढरी, आत गरम पाणी भरलं आणि कुठल्या बाजूनं किती उष्णता येते ते मोजलं. काळी आणि पांढरी जवळजवळ सारखीच निघाली, पॉलिशवाली एकदम मागं. कारण आपल्याला जो काळा-पांढरा फरक दिसतो तो अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या लहरींमधला, आणि १५० अंशांचं इंजिन जे टाकतं ते मुख्यतः ७ मायक्रॉनच्या आसपास. तिथं पांढरा रंगही "काळा"च, लाल, हिरवा, काय वाटेल तो लावा.

अपवाद एकच, सिल्व्हर. त्याच्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसतात, म्हणजे तो थोडा धातूसारखाच वागतो आणि काळ्याच्या निम्म्याच्या आसपासच उष्णता टाकतो. तर दोस्ताचं म्हणणं बरोबर, पण किती? १५० अंशांच्या पृष्ठभागावरून, भोवती ४० अंशांची हवा असताना, काळा रंग दर चौरस मीटरला हजार-अकराशे वॉट टाकतो. चालत्या गाडीवर वारा ह्याच्या कितीतरी पट उष्णता नेतो, शिवाय आतली पाती एकमेकांकडेच तोंड करून असतात, एकीनं टाकलेलं दुसरी घेते. म्हणजे काळ्याचा खरा फायदा सात रस्त्याच्या सिग्नलला थांबल्यावर, तोही थोडाच. मामांचंही बरोबर, दुपारचं ऊन दर चौरस मीटरला हजार वॉटच्या घरात असतं आणि काळा ते बहुतेक सगळं पितो, पण उन्हात उभी गाडी तापून ६०-६५ अंशांवर गेली तरी १५० अंशांवर चालणाऱ्या इंजिनला त्याचं काय? तिथं मांडी भाजते ती आपली.

रंगाच्या थरानं इंजिन कोंडतं असंही खूप जण सांगतात. ५० मायक्रॉनच्या थरामुळं फरक पडतो एखाद-दीड अंशाचा. त्याच पात्यांमध्ये तेल आणि धूळ बसून दोन मिलिमीटरचा चिखल वाळलेला असतो तो वीसेक अंश खातो, त्याच्यावर मात्र कुणी भांडत नाही.

शेवटी मॅट काळा घेतला, स्प्रे कॅनचा. मे महिना, आणि मी हौसेनं दुपारी दोनला फवारायला बसलो. थेंब इंजिनपर्यंत पोचायच्या आधीच थिनर उडून जायचा, अर्धवट वाळलेले कण बसायचे, हात फिरवला तर पॉलिश पेपर. पुसून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, वीतभर अंतरावरून, तीन पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, आणि मस्त बसला. पावसाळ्यात उलटं होतं, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि रंग दुधाळ होतो. मास्क लावा, तो वास साधा नाही.

सिलिकॉनचा रंग वाळला म्हणजे झाला असं नाही, त्याला भाजावं लागतं, साधारण २०० अंशांना अर्धा-पाऊण तास, तेव्हा साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात. घरच्या ओव्हनमध्ये नको, त्यात नंतर कुणी नानकटाई करणार असेल तर अजिबातच नको. मी इंजिनलाच भाजायला लावलं, दहा मिनिटं चालू, पूर्ण गार, मग वीस मिनिटं, गार, मग जुळे सोलापूरपर्यंत चक्कर. पहिल्या वेळी धूर निघाला तेव्हा शेजारचे काका पाण्याची बादली घेऊन आले होते.

आठवड्यानं थिनरमध्ये पांढरं फडकं भिजवून हेडवर घासलं, फडकं पांढरंच. ब्लॉकवर, तेही ठीक. खाली चेंबरवर घासलं आणि फडकं काळं झालं. बरोबरच आहे, चेंबर कितीही चालवलं तरी शंभर अंशांच्या वर फारसा जात नाही, त्यामुळं तिथला रंग कधी भाजलाच गेला नाही आणि जाणारही नाही. बुलेटचा कार्बोरेटर थोडा पाझरतो, पेट्रोल नेमकं तिथंच ठिबकतं, आणि आता तिथं एक पांढरट ओघळ उठलाय. चेंबरला हीटप्रूफ लावायलाच नको होता, तिथं साधा दोन डबे मिसळून लावायचा इपॉक्सी रंग पुरला असता. मामा म्हणतात इंजिन परत उतरवू, दोस्त म्हणतो तिथं स्टिकर लाव.