मुली लवकर वयात येतात ते दुधामुळे नव्हे

मागे शाळेत पालकसभा होती, सातवीच्या मुलींच्या आया जमल्या होत्या आणि बोलता बोलता विषय निघाला की हल्ली पोरींना पाळी एवढी लवकर का येते. एक मावशी लगेच म्हणाल्या, "म्हशीला इंजेक्शन मारत्यात की बाई, ते दूध पिऊनच होतंय सगळं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. हे मी आमच्या बेळगाव भागात खानापुरात ऐकलंय, निपाणीत ऐकलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर तर सारखं फिरून फिरून येतं, त्यामुळे एकदा नीट लिहावं म्हटलं.

ते इंजेक्शन असतं ऑक्सिटोसिनचं, म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून टोचतात. ऑक्सिटोसिन म्हणजे फक्त 9 अमिनो आम्लांची साखळी, प्रथिनाचंच छोटं भावंड. ते पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखे त्याचेही तुकडे होतात. शुगरच्या पेशंटला इन्सुलिन प्यायला देत नाहीत, सुईनं टोचतात, त्याचं कारणही हेच आहे. शिवाय ऑक्सिटोसिनची कामं म्हणजे गर्भाशय आकुंचन पावणं, दूध सुटणं वगैरे, वयात येण्याची सुरुवात ते करत नाही. म्हशीला टोचणं वाईटच, जनावराचे हाल होतात आणि ते बंद झालंच पाहिजे, पण पोरीच्या पाळीचा दोष त्या दुधावर टाकू नका.

मग सुरुवात होते कुठे? मेंदूत. आणि हा भाग मला इतका आवडतो की जरा सविस्तरच सांगणार आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तिथं हजार-दोन हजारच अशा पेशी असतात ज्या जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतात (हार्मोनला आपण शाळेत संप्रेरक शिकलो तेच). एवढ्याशा पेशींवर माणसाचं सगळं प्रजनन अवलंबून! हे संप्रेरक खालच्या पिट्युटरी ग्रंथीला जाऊन सांगतं, पिट्युटरी एलएच आणि एफएसएच अशी दोन संप्रेरकं रक्तात सोडते, ती मुलीच्या अंडाशयापर्यंत किंवा मुलाच्या वृषणापर्यंत पोचतात आणि तिथून इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन वगैरे सुरू होतं, मग छाती, आवाज, मिसरूड, पाळी सगळं त्याच्यामागून.

पण गंमत पुढे आहे. जीएनआरएच सतत वाहत नाही, साधारण तास-दीड तासाला एकदा असं ठोक्यानं येतं. 1978 साली अमेरिकेत पिट्सबर्गला एर्न्स्ट नोबिल या शास्त्रज्ञांच्या गटानं माकडिणींवर प्रयोग केले. त्यांच्या स्वतःच्या जीएनआरएचच्या पेशी निकामी केल्या आणि बाहेरून जीएनआरएच दिलं. दर तासाला काही मिनिटंच दिलं तर पिट्युटरी व्यवस्थित काम करू लागली, आणि तेच सलग देत राहिले तर एलएच, एफएसएच दोन्ही कोसळले. म्हणजे जास्त दिलं तर बंद! दारावर कोणी मधूनमधून कडी वाजवली तर आपण उठून बघतो, पण कोणी थांबायचं नावच न घेता वाजवत बसला तर कान झाकून घेतो, तसंच हे, पिट्युटरीच्या पेशी पृष्ठभागावरचे आपले रिसेप्टरच (संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या जागा) आत ओढून घेतात. यावरूनच औषध निघालं. एखादी मुलगी अगदी सहाव्या-सातव्या वर्षी वयात येऊ लागली तर डॉक्टर तिला जीएनआरएचसारखंच पण सलग टिकून राहणारं इंजेक्शन देतात आणि सगळी प्रक्रिया थांबते. पुढे योग्य वयात इंजेक्शन बंद केलं की पुन्हा सुरू.

हा ठोका ठेवतं कोण? शेजारच्या काही पेशी किसपेप्टिन, न्यूरोकायनिन-बी आणि डायनॉर्फिन अशी तीन रसायनं बनवतात. न्यूरोकायनिन-बी आजूबाजूच्या तशाच पेशींना चेतवतं, सगळ्या एकदम पेटतात, किसपेप्टिन जीएनआरएचच्या पेशींना ढकलतं, तोवर डायनॉर्फिन ब्रेक लावतं, शांत होतं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. ठोका जलद असेल तर एलएच जास्त, संथ असेल तर एफएसएच जास्त, म्हणजे नुसत्या वेगावरून पिट्युटरी दोन वेगळे हुकूम ओळखते. जन्मानंतर पहिले काही महिने ही यंत्रणा चालू असते बरं का, मग मेंदू तिला दाबून ठेवतो, एमकेआरएन3 नावाचा जीन त्या दाबण्यात भाग घेतो, आणि वर्षानुवर्षांनी तो दाब सुटतो तेव्हा सुरुवातीचे ठोके रात्री झोपेतच येतात. पोरगी झोपलेली असते आणि तिचं वयात येणं सुरू झालेलं असतं, घरात कोणाला पत्ताही नसतो.

दाब कधी सुटणार हे बरंचसं आनुवंशिक, पण पोषणाचाही वाटा मोठा. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात, त्यावरून मेंदूला कळतं की अंगात साठा पुरेसा आहे. आपल्या आज्यांच्या काळापेक्षा पोरींना खायला बरं मिळतं, वजन वाढतं, म्हणून वय थोडं अलीकडे आलंय.

आता अंधश्रद्धेचं. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं बऱ्याचदा अंडं सुटतच नाही, कारण एलएचची एकदम उसळी यायला लागते ती व्यवस्था अजून पिकलेली नसते. म्हणून कधी 21 दिवसांनी, कधी 45 दिवसांनी पाळी येते, ते या वयात चालतं. पण आपल्याकडे लगेच "बाहेरचं काहीतरी झालंय" म्हणून अंगारा येतो, कोणी सौंदत्तीला नवस बोलतं. आणि एखाद्या मुलाला सोळाव्या वर्षीही काहीच बदल नाही तर करणी केली म्हणतात. त्या पोराला कोणी विचारत नाही की बाबा तुला कांद्याच्या फोडणीचा वास येतो का? हा प्रश्न खरोखर डॉक्टर विचारतात. जीएनआरएचच्या पेशी गर्भात असताना नाकाच्या भागात तयार होतात आणि तिथून चालत मेंदूत जातात. ती वाट चुकली तर वासही येत नाही आणि वयातही येत नाही, याला कालमन सिंड्रोम म्हणतात आणि याच्यावर उपचार आहे. अंगाऱ्यात वर्षं घालवली तर पोराचंच नुकसान.

आणखी एक, "न्हाण आलं, आता पोरगी लग्नाची झाली" हे अजून ऐकू येतं. हे साफ चूक आहे. पाळी आली म्हणजे यंत्रणा नुकती सुरू झाली, कंबरेचं हाड त्यानंतरही काही वर्षं वाढत असतं. त्या वयातलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं आहे.

हे सगळं मुलांना वेळेवर कळावं एवढंच लैंगिकता शिक्षण मागणारे जगभर मागतायत. आणि ही मागणी परदेशातून आलेली नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. 1952 साली मुंबईतच भरलेल्या परिषदेत इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशन ही कुटुंबनियोजनाची जागतिक संघटना स्थापन झाली, त्यात पुढे असलेल्या धन्वंती रामा राव यांचं बालपण आपल्या शेजारच्या हुबळीत गेलेलं. 1994 ला कैरोच्या लोकसंख्या परिषदेत 179 देशांनी मान्य केलं की लोकसंख्येचे आकडे गाठण्यापेक्षा माणसाचा हक्क आधी, आणि त्यात किशोरवयीन मुलांना माहिती मिळणंही आलं. युनेस्कोनं 2009 मध्ये या शिक्षणाची मार्गदर्शिका काढली आणि 2018 मध्ये सुधारली. त्यात 5 ते 8 वर्षांच्या मुलाला शरीराच्या अवयवांची खरी नावं आणि नको असलेला स्पर्श ओळखणं, पाळी नि वयात येणं 9 ते 12 मध्ये, असं वयाप्रमाणे लावलेलं आहे. लोक म्हणतात शिकवलं तर पोरं बिघडतील. अनेक देशांतले अभ्यास तपासून मार्गदर्शिकेत उलट नोंद आहे, यामुळे शरीरसंबंध लवकर सुरू होत नाहीत, उलट काही ठिकाणी उशिरा सुरू होतात.

आपल्याकडे 2007 साली महाराष्ट्रानं आणि कर्नाटकानं, दोघांनीही शाळेतला असा कार्यक्रम थांबवला होता, म्हणजे सीमेच्या अलीकडचं काय नि पलीकडचं काय, पोर तसंच राहिलं. माझा राग यावर आहे. प्रजननाचा सविस्तर धडा येतो दहावीत आणि पाळी येते सहावी-सातवीत. ऑक्टोबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की हे शिक्षण नववीपासून नको, त्याच्या आधीपासून द्या. जीएनआरएचचा ठोका तर पाळीच्याही दोन-तीन वर्षं आधी सुरू होतो, तेव्हा पाचवी म्हणजे लवकर नाही.

तोवर आयांनी एवढं लक्षात ठेवा. मुलीला 8 वर्षांच्या आत छाती दिसू लागली, मुलात 9 च्या आत बदल दिसले, किंवा मुलीला 13 पर्यंत काहीच नाही, 15 पर्यंत पाळी नाही, मुलाला 14 पर्यंत काहीच नाही, तर दवाखान्यात दाखवा. आशाताईला विचारा, कर्नाटकात सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी स्नेहा क्लिनिक असतं तिथं जा. डॉक्टर बहुतेक आधी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतील, हाडांचं वय किती झालंय ते त्यात दिसतं.